अंगठी घेण्याआधी तिचे हात पाहा

साखरपुड्याची अंगठी कशी घ्यावी, यात शिकवण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. गुजरीत जायचं, चार दुकानं पालथी घालायची, मुलीला आवडेल आणि आपल्या खिशाला परवडेल ती घ्यायची, झालं! मैत्रिणींनो, मलाही अगदी असंच वाटत होतं. थोरल्या मुलाच्या साखरपुड्याला मी हौसेनं अंगठी घेतली आणि त्या एवढ्याशा अंगठीपायी जुळलेलं लग्न मोडायची वेळ आली. म्हणून तर आज हे लिहायला बसले.

माझी होणारी सून नर्स आहे. इथेच कोल्हापुरात, प्रसूती विभागात. मुलगी गुणी, बोलायला गोड, माणसं जोडणारी. मनात म्हटलं, हिच्या बोटात हिरा चमकला पाहिजे! तिला न विचारता, तिचं माप तेवढं तिच्या आईकडून गुपचूप मागवून, मी एका हिऱ्याची अंगठी केली. तीस सेंटचा खडा, सहा बारीक नख्यांनी उंच उचलून धरलेला. दिव्याखाली धरला की नुसता लखलखायचा. साखरपुड्याला आलेल्या प्रत्येक बाईनं तिचा हात हातात घेऊन पाहिला. मी मनातून सुखावले.

महिनाभरानं ती आमच्याकडे हळदीकुंकवाला आली, तेव्हा बोट मोकळं. आमच्या थोरल्या जाऊबाईंची नजर तिथेच गेली. "का गं पोरी, अंगठी कुठाय? अजून लग्न लागायचंय, तवर बोट मोकळंच की!" भरल्या घरात, दहा बायकांच्या देखत. पोरगी खाली मान घालून बसली. आणि खरं सांगते, मीही गप्प बसले. मलाही लागलंच होतं ना! एवढ्या हौसेनं घेतलेली वस्तू, हिला तिची किंमत नाही?

त्याच रात्री मुलगा म्हणाला, "आई, ती अंगठी परत द्यायची म्हणतेय. म्हणाली, काकूंना दुखवायचं नाही, पण अंगठी आणि काम दोन्ही मला सांभाळता यायचं नाही."

आता एखादी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय? पण बायांनो, लग्नं मोठ्या गोष्टींवरून क्वचितच मोडतात. ती अशाच एवढ्याएवढ्याशा गोष्टींवरून मोडतात.

खाटेपाशी उभं राहून पाहिलं तेव्हा

योगायोग असा, की त्याच आठवड्यात शेजारची लेक बाळंत झाली, तिला पाहायला मी दवाखान्यात गेले. आमची मुलगी कामावरच होती. तिनं मला पाहिलं नाही. मी मात्र दाराशी उभी राहून तिला पाहत होते. एका बाळंतिणीचं पोट तपासलं, हात धुतले. बाळाला उचललं, त्याआधी परत हात चोळले. हातमोजे चढवले, उतरवले, परत हात. अर्ध्या तासात किती वेळा, ते मोजायचं मी सोडून दिलं. नंतर तिचे हात हातात घेऊन पाहिले तर बोटांच्या बेचक्यात कातडी रखरखीत झालेली आणि अनामिकेवर, जिथे आमची अंगठी होती तिथे, लाल चट्टा उठलेला.

हळूहळू तिनं सांगितलं. त्या उंच नख्या हातमोज्यात अडकायच्या आणि मोजा फाटायचा. अंगठीखाली साबणाचं पाणी राहायचं, म्हणून चट्टा. एकदा बाळाला दुपट्यात गुंडाळताना नखी दुपट्याच्या धाग्यात अडकली. बाळाला ओरखडा उठला नाही इतकंच, पण तिच्या पोटात गोळा आला. तेव्हापासून अंगठी पिनेला लावून गणवेशाच्या आत अडकवून ठेवायची. एक दिवस ती पिनेतून निसटली आणि कपडे बदलायच्या खोलीत जमिनीवर सापडली. मग घरीच ठेवू लागली.

"मला सांगितलं का नाहीस गं?"

"कसं सांगू, काकू? तुम्ही एवढ्या प्रेमानं घेतलेली."

तेव्हा कळलं, की मी तिचं बोट मोजलं, पण तिचा हात काही पाहिला नाही.

हात धुण्याची गोष्ट

हा काही आमच्याच मुलीचा नखरा नव्हे. दवाखान्यात हात धुण्याची शिस्त आली, तीच मुळी बाळंतिणींच्या मरणातून. १८४७ साली व्हिएन्ना शहरात इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं आपल्या प्रसूती विभागात डॉक्टरांना क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावले, आणि सूतिकाज्वरानं दगावणाऱ्या बायांची संख्या झपाट्यानं खाली आली. त्या काळी जंतूंची कुणाला कल्पना नव्हती, म्हणून पुष्कळांनी त्याचं ऐकलं नाही. आज मात्र सगळं जग ते मानतं.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ साली हातांच्या स्वच्छतेबद्दल सविस्तर मार्गदर्शन छापलं. साबण-पाण्यानं हात धुवायचे तर ४० ते ६० सेकंद आणि अल्कोहोलचं द्रव चोळायचं तर २० ते ३० सेकंद, असं त्यात सांगितलं आहे. रुग्णाला हात लावण्याआधी, लावल्यानंतर, जखमेचं वगैरे निर्जंतुक काम करण्याआधी, रक्त किंवा इतर स्राव लागण्याचा प्रसंग आला की त्यानंतर, आणि रुग्णाच्या खाटेभोवतीच्या वस्तूंना हात लागल्यावर, अशा पाच वेळा ठरवून दिल्या आहेत. एकेका रुग्णामागे हे सगळं. दिवसाला किती होतात, तुम्हीच हिशेब करा.

अंगठीबद्दलही त्याच मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलं आहे. रुग्णसेवा करताना अंगठी घालू नये, हे उत्तम. धर्म किंवा रूढी म्हणून काढणं फार जड जात असेल तर नेहमीच्या कामात एक साधं गुळगुळीत वेढं चालवून घ्यावं. पण शस्त्रक्रियेच्या खोलीसारख्या जोखमीच्या ठिकाणी तेही काढलंच पाहिजे. इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांत तर २००७ साली कोपराखाली हात उघडे ठेवण्याचा नियम जाहीर झाला. घड्याळ नाही, बांगड्या नाहीत, खड्याची अंगठी नाही. चाललं तर फक्त साधं वेढं.

कारण सोपं आहे. अंगठीखालच्या कातडीवर जंतू जास्त असतात, हे तपासणीत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पाणी आणि साबण तिथे नीट पोचत नाही, आणि पोचलं तर नीट वाळत नाही. खड्याच्या मागची पोकळी आणि नख्यांच्या फटी म्हणजे तर मळाचं घरच.

हे मी घरी येऊन जाऊबाईंना सांगितलं, तर त्यांना काही पटेना. म्हणाल्या, "हे सगळं दवाखान्याचं. शकुनाचं काय?" मग मी विचारलं, "वहिनी, तुम्ही भाकरी थापताना अंगठी काढून खिडकीत ठेवता की नाही?"

"काढते की. पीठ अडकतंय त्यात."

"पीठ अडकतं तिथे जंतू अडकणार नाहीत का? आणि तुम्ही अंगठी काढून भाकरी करता, तेव्हा भाऊजींना काही होतं का?"

जाऊबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. निम्मं काम तिथेच झालं!

खडा बसवलाय कसा, ते आधी बघा

आता कामाच्या गोष्टीकडे वळू. घरात डॉक्टर, नर्स, प्रयोगशाळेत काम करणारी, दातांची डॉक्टर अशी मुलगी असेल किंवा सून म्हणून यायची असेल, तर अंगठी घेताना पहिला प्रश्न खडा किती मोठा हा नव्हे, तर खडा बसवलाय कसा, हा विचारा.

उंच नख्यांत धरलेला खडा दिसायला सर्वांत सुंदर. उजेड चहूबाजूंनी आत शिरतो, म्हणून चमकही जास्त. पण तोच मोज्यात, केसांत, दुपट्यात, साडीच्या काठात अडकतो. एखादी नखी झिजली किंवा वाकली, की हिरा कधी पडला ते कळतही नाही.

बंद कोंदण म्हणजे खड्याच्या भोवती सोन्याची अखंड कड. आपल्या जुन्या बायकांच्या कुड्यांत आणि चमकीत असं कोंदण असायचं. यात हिरा किंचित लहान दिसतो, पण कशात अडकत नाही, कडेनं ठिकरी उडायची भीती कमी आणि पुसायला सोपं. रोजच्या वापराला मला हेच पसंत पडलं.

तिसरा प्रकार, खडा सोन्यातच खोदून वरच्या पातळीशी सपाट बसवलेला. हात फिरवला तर जेमतेम लागतो. चौथा, बारीक हिरे दोन कडांच्या खाचेत ओळीनं बसवलेले. हाही अडकत नाही, मात्र खाचेत मळ बसतो, तेव्हा धुवायला आळस करून चालायचं नाही.

दुकानात एक सोपी परीक्षा करा. अंगठी बोटात घाला आणि त्यावरून आपला नायलॉनचा मोजा किंवा साडीचा झिरझिरीत पदर ओढून बघा. धागा ओढला गेला, तर हातमोजाही फाटणार! दुसरी परीक्षा, अंगठी घातलेली मूठ घट्ट वळून शेजारच्या बोटांना टोचतं का ते पाहा.

खड्याच्या आकाराचा हिशेबही माहीत असू द्या. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम आणि एक कॅरटचे १०० सेंट. गोल पैलूंचा १० सेंटचा हिरा साधारण ३ मिलिमीटर रुंद असतो, २५ सेंटचा ४ मिलिमीटरच्या थोडा वर, आणि एक कॅरटचा साडेसहा मिलिमीटर. पण एक कॅरटचा हिरा खोलीलाही जवळजवळ ४ मिलिमीटर असतो. म्हणजे तेवढी उंची बोटावर चढणारच. मोठा एक खडा उंच मिरवण्यापेक्षा १०-१५ सेंटचा एकच खडा सपाट बसवून घ्यावा किंवा बारीक तीन-पाच एका ओळीत घ्यावेत. बोटही शोभतं आणि पैसेही वाचतात.

सोनं किती कॅरटचं?

आपल्याकडे बावीस कॅरटखालचं सोनं म्हणजे नाक मुरडायचीच गोष्ट. पण हिऱ्याच्या अंगठीला बावीस कॅरट मऊ पडतं. शंभर भागांत सुमारे ९२ भाग सोनं असल्यावर कड लवकर वाकते आणि खडा ढिला होतो. अठरा कॅरटात ७५ भाग सोनं आणि बाकी इतर धातू, त्यामुळे पकड घट्ट. चौदा कॅरटात साडेअठ्ठावन्न भाग सोनं, ते आणखी कडक. हिऱ्याला बहुतेक ठिकाणी अठरा कॅरटच वापरतात, तेव्हा त्यात फसवणूक झाली असं समजू नका. मात्र भाव अठरा कॅरटचाच लावलाय ना, एवढं डोळ्यांत तेल घालून बघा.

पांढऱ्या सोन्याचा मोह पडेल. पण त्याची ती शुभ्र चमक पुष्कळदा वरच्या ऱ्होडियमच्या मुलाम्याची असते. रोजच्या धुण्या-चोळण्यानं मुलामा झिजतो आणि परत चढवावा लागतो. शिवाय काही पांढऱ्या सोन्यात निकेल असतं, त्यानं काही जणींच्या कातडीला खाज सुटते. आधीच हात धुऊन धुऊन कातडी नाजूक झालेली, त्यात ही भर कशाला?

आणखी एक. दवाखान्यात फरशी आणि सामान निर्जंतुक करायला हायपोक्लोराइट वापरतात. म्हणजे आपण न्हाणीघरात वापरतो त्या ब्लीचचाच प्रकार. क्लोरीन सोन्यातल्या इतर धातूंना आणि डाक दिलेल्या जागांना खातं. अल्कोहोलच्या द्रवानं सोन्याला आणि हिऱ्याला धोका नाही. फक्त त्यातल्या ग्लिसरीनसारख्या पदार्थांचा थर बसून खडा मंद दिसतो. मोती आणि पोवळं मात्र अशा कामाच्या हाताला अजिबात नको. ती नाजूक, पाण्या-साबणानं आणि औषधांनी त्यांची झिलई जाते.

गुजरीत गेल्यावर

अंबाबाईच्या देवळाजवळची आपली गुजरी म्हणजे दागिन्यांचं माहेर. साज, पुतळ्या, ठुशी यांची आपल्याला उपजत पारख असते. हिऱ्याची मात्र नसते, म्हणून चार गोष्टी पाठ करून जा.

एक, हॉलमार्क. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर तीन खुणा लागतात. भारतीय मानक ब्यूरोचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा (अठरा कॅरटला ७५०), आणि अक्षरं व अंक मिळून सहा जागांचा एचयूआयडी क्रमांक. हा क्रमांक मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' मध्ये घातला, की दागिना खरा की नाही ते तिथल्या तिथे कळतं. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूला ही सक्ती नाही. नाजूक अंगठी कधी कधी त्यातच मोडते, तेव्हा विचारून घ्या.

दोन, हॉलमार्क ही सोन्याची हमी आहे, हिऱ्याची नव्हे! हिऱ्याचं प्रमाणपत्र वेगळं असतं. जीआयए, आयजीआय यांसारख्या प्रयोगशाळा ते देतात. वजन, रंग, स्वच्छता आणि पैलू या चार गोष्टी त्यात लिहिलेल्या असतात. पुष्कळ खड्यांच्या कडेवर प्रमाणपत्राचा नंबर सूक्ष्म अक्षरांत कोरलेला असतो, तो भिंगातून दाखवायला सांगा. लाजू नका, पैसे आपले आहेत.

तीन, वजनाचा हिशेब. अंगठीचं एकूण वजन ३.१० ग्रॅम आणि हिरा ५० सेंटचा असेल, तर हिऱ्याचं वजन ०.१० ग्रॅम. सोन्याचे पैसे ३ ग्रॅमचेच द्यायचे. पावतीवर सोनं, हिरा आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या.

चार, प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा. यानं नाक मुरडायचं कारण नाही. तोही कार्बनचाच, तेवढाच कठीण, नुसत्या डोळ्यांना वेगळा ओळखू येत नाही. २०२३ साली पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला भेट दिला, तो साडेसात कॅरटचा हिरा असाच होता. किंमत नैसर्गिक हिऱ्याच्या मानानं पुष्कळ कमी, पण मोडीत घालायला गेलात तर हातात फारसं काही पडत नाही. हरवण्याची धास्ती ज्या अंगठीला आहे, तिच्यासाठी हा विचार वाईट नाही. मात्र प्रमाणपत्रावर तसं स्पष्ट लिहिलेलं हवं. 'अमेरिकन डायमंड' म्हणतात तो यातला नव्हे. तो हिराच नाही, आणि रोजच्या वापरात त्याच्या पैलूंची धार लवकर जाते.

मापाची गोष्ट

मी गुपचूप माप मागवलं, ती माझी आणखी एक चूक. बोट सकाळी बारीक असतं, दिवसभर उभं राहून संध्याकाळी जाड होतं. उन्हाळ्यात फुगतं, थंडीत आकसतं. गरोदरपणात तर विचारूच नका. म्हणून माप मुलीचं कामावरून आल्यानंतरचं घ्या. अंगठी पेरावरून जरा अडखळत जावी, आणि साबणाचा हात लावला की सहज निघावी. अडकून बसणारी अंगठी दवाखान्यात संकट, आणि सैल अंगठी कचऱ्याच्या डब्यात.

पक्कं करण्याआधी हुपरीच्या चांदीचं साधं वेढं त्या मापाचं घ्या आणि आठवडाभर घरी वापरायला द्या. शे-दोनशे मिलिग्रॅमचा फरक नाही, पण मापाचा फरक लगेच कळेल. पूर्ण गोलाकार हिरे जडवलेली अंगठी दिसते फार सुरेख, पण तिचं माप पुढे वाढवता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

कधी बोट सुजून अंगठी अडकलीच, तर ओढाताण करू नका. हात डोक्याच्या वर धरा, गार पाण्यात बुडवा, मग साबण लावून फिरवत काढा. नाही जमलं तर जाड दोरा अंगठीखालून सरकवून, अंगठीपासून पेराकडे घट्ट, शेजारी शेजारी गुंडाळा. मग अंगठीखालच्या टोकाला धरून नखाच्या दिशेनं हळूहळू उलगडत जा, अंगठी सरकत येते. बोट निळं पडलं किंवा बधिर झालं, तर वेळ न घालवता दवाखाना गाठा आणि अंगठी कापून घ्या. सोनं सांधता येतं, बोट नाही.

काढलेली अंगठी ठेवायची कुठे?

पिनेला लावून गणवेशात ठेवणं धोक्याचं, ते आमच्यावरून कळलंच. पर्समध्ये टाकणंही तसंच. काही जणी गळ्यातल्या साखळीत ओवून आत घालतात. साखळी मजबूत असेल तर बाहेरच्या विभागात ते चालून जातं. पण शस्त्रक्रियेच्या खोलीत नको, आणि एमआरआय यंत्राच्या खोलीत तर कुठलाही दागिना नकोच.

सर्वांत उत्तम, कामावर जाताना अंगठी घरीच ठेवायची. एक छोटी डबी, तिची एक ठरलेली जागा. आमच्याकडे ती देवघरातल्या कोनाड्यात आहे. घरातून निघताना अंगठी डबीत, आल्यावर हातपाय धुऊन बोटात. हिरा इतर दागिन्यांबरोबर मात्र ठेवू नका. त्याच्याहून कठीण काही नाही, तो सोन्याला आणि बाकी खड्यांना ओरखडे पाडतो. आणि कठीण असला तरी नेमक्या जागी घाव बसला तर त्याचीही ठिकरी उडते.

आठवड्यातून एकदा धुवावा. हिऱ्याला स्निग्ध पदार्थाचं भारी प्रेम. आफ्रिकेतल्या खाणींत चरबी फासलेल्या तक्त्यांवरून खडी वाहू देत, बाकीचे दगड वाहून जात आणि हिरे तेवढे चिकटून राहत! आपल्या हाताच्या तेलातुपानं, क्रीमनं तो मंद दिसतो तो त्यामुळेच. वाटीत कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, पंधरा-वीस मिनिटं भिजवा, लहान मुलाच्या मऊ ब्रशनं खालच्या बाजूनं घासा, दुसऱ्या वाटीत खळबळा, मऊ कापडानं टिपा. हे काम मोरीवर किंवा बेसिनमध्ये करू नका, अंगठी सुटली तर गेलीच. दंतमंजन, ब्लीच, राख, काही नको. सहा महिन्यांनी एकदा सोनाराकडून कड आणि खड्याची पकड तपासून घ्या.

शकुन कशात आहे?

आमच्या अंगठीचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. आम्ही दोघी मिळून परत गुजरीत गेलो. तोच हिरा, पण आता बुटक्या बंद कोंदणात, गुळगुळीत गोल कडेच्या पट्टीवर. मजुरीचा भुर्दंड बसला, तो माझ्या न विचारण्याचा दंड समजून मी भरला. आणि घरात सगळ्यांसमोर ठरवलं, की कामावर बोट मोकळं राहील, त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही.

एखादी मुलगी म्हणेल, मला अंगठीच नको. तेही ऐका. तोच हिरा चमकीत किंवा कुड्यांत बसवता येतो आणि हाताची अडचण राहत नाही. हिऱ्याची अंगठी सणासुदीला आणि रोजचं म्हणून एक साधं वेढं, असंही करता येतं. आपण साज काही रोज घालत नाही. पेटीत ठेवला म्हणून त्याचा मान कमी होतो का?

आणि शकुनाचं म्हणाल, तर नाव काय आहे या समारंभाचं? साखरपुडा! आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी मुलीच्या हातात साखरेचा पुडा द्यायचे, ओटी भरायचे, दोन घरांचा शब्द पक्का व्हायचा. अंगठीची पद्धत घरोघरी रुळली ती नंतर. शकुन होता तो दिलेल्या शब्दात आणि साखरेच्या गोडीत.

आपल्या कोल्हापूरला तर अशा मुलींचं अप्रूप जुनं आहे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, तेव्हा त्यांना बोलावणं गेलं ते कोल्हापूर संस्थानाचं, इथल्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागासाठी. तेच आपलं आजचं सीपीआर. त्या इथे कामाला येऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी गेल्या. पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी त्याच रुग्णालयात बायाबापड्यांची सेवा केली. ज्या गावानं सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी डॉक्टरीणबाईची वाट पाहिली, त्या गावात आज एखाद्या नर्सला मोकळ्या बोटाबद्दल भरल्या घरात मान खाली घालावी लागावी, हे बरं दिसतं का?

परवा जाऊबाईंची नात त्याच प्रसूती विभागात बाळंत झाली. बाळ पहिल्यांदा हातात घेतलं ते आमच्या मुलीनं. जाऊबाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, "बघितलं का गं, हात किती स्वच्छ होते तिचे!"

अंगठीबद्दल त्यांनी विचारलं नाही. ती घरी, देवघरातल्या डबीत होती.